सहावा कंदील

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक सोडले की पिंपळगाव बसवंतपर्यंत द्राक्षबागा दोन्ही अंगांनी सोबत करतात. पुढे बागा विरळ होतात, माळ उघडा पडतो आणि सातमाळ्याची रांग आडवी येऊन उभी राहते. सोग्रस फाट्यावर आग्ऱ्याचा रस्ता सोडून डावीकडे वळावयाचे. मग येतो भावडबारीचा घाट. घाट काही फार मोठा नव्हे. आंबेनळी किंवा कसारा पाहिलेल्या माणसाला तो घाटासारखा वाटणारही नाही. पण त्याच्या माथ्यावर क्षणभर थांबावे. एका हाताला कांचना आणि धोडप, दुसऱ्या हाताला राजदेहेर आणि इंद्राई अशी गडांची ओळ लागलेली दिसते, आणि समोर उतरणीला गिरणेच्या खोऱ्याची सपाटी पसरलेली असते. त्या सपाटीच्या तोंडाशी देवळा आहे.

देवळ्याला कुणी मुद्दाम जात नाही. साल्हेर-मुल्हेरचे गडकरी इथूनच पुढे सरकतात, मांगीतुंगीला 2016 साली प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची एकशे आठ फुटांची मूर्ती पाहावयास जाणारे यात्रेकरू इथूनच पुढे सरकतात, आणि नंदुरबारकडचे मालट्रकवाले तर हॉर्न वाजवीतच निघून जातात. विंचूर-प्रकाशा रस्ता गावाच्या पोटातून जातो. ज्या गावाला रस्ता लाभतो त्या गावाला पाहुणा लाभत नाही, असा एक अनुभव आहे. देवळा त्याला अपवाद नाही.

मी मात्र मुक्कामाचा पाहुणा आहे. धाकटी बहीण या गावी दिली, त्याला आता वीस वर्षे होत आली. तिच्या लग्नाच्या वेळी देवळा हा नवा कोरा तालुका होता. 1999 पर्यंत गाव कळवण तालुक्यात मोडे. तालुका झाला, कचेरी आली, पुढे नगरपंचायत आली. पण कोलती नदी होती तशीच राहिली, म्हणजे पावसाळ्यात चार दिवस नदी आणि एरवी नाला. गावाच्या मध्यावर जो चौक आहे त्याला म्हणतात ‘पाच कंदील’. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोभावे असे हे नाव! आता तिथे रिक्षा उभ्या असतात, मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो, आणि कांद्याचा भाव पडला की शासनाच्या नावाने ज्या काही घोषणा व्हावयाच्या त्या तिथेच होतात.

कांद्यावाचून देवळ्याची गोष्ट सांगता येत नाही. या तालुक्यात कांदा हे पीक नव्हे. ते कालगणनेचे साधन आहे. उळे टाकले तेव्हा अमक्याचे लग्न ठरले, लागवड चालू होती तेव्हा म्हातारी गेली, काढणी झाली की मुलीची फी भरू, अशी इथली भाषा. एकट्या उमराण्याची स्वतंत्र बाजार समिती आहे, देवळ्याची निराळी, आणि पलीकडे लासलगाव तर जगजाहीर. उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत भरावयाचा आणि भावाची वाट पाहावयाची. चाळीच्या फटींतून वारा खेळतो आणि मालकाच्या डोळ्यांतून झोप जाते. कधी पाऊस, कधी सड, आणि कधी दिल्लीहून निघालेला कागद. 2023 च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली आणि 2024 च्या मे महिन्यात ती उठली. त्या पाच महिन्यांत या तालुक्यातल्या किती घरांचे बेत मोडले हे कुठल्याही बातमीत आले नाही.

बातमीवरून आठवले. कांदा महागला की मोठ्या शहरांतले कॅमेरे लासलगावापर्यंत येतात. कुणी गृहिणी भाजीवाल्यापुढे हताश उभी दाखवितात, कुणी शेतकरी ट्रॅक्टरवर बसलेला दाखवितात, आणि ‘कांद्याने डोळ्यांत पाणी आणले’ हे एकच वाक्य दरसाल नव्याने सुचल्यासारखे म्हणतात. कांदा स्वस्त झाला की मात्र कॅमेरा फिरकत नाही. म्हणजे आपण कुणाला आणि केव्हा दिसावे, हे आपल्या हाती नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती आहे. ही गोष्ट देवळ्याच्या माणसाला पटलेली आहे. पण ती पटण्याने अस्वस्थ झालेली माझ्या पाहण्यातली पहिली व्यक्ती म्हणजे माझी भाची. वय वर्षे पंधरा.

बहिणीला दोन मुले. थोरला मुलगा अकरावीला आणि धाकटी मुलगी दहावीला. गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस राहावयास गेलो तेव्हा घरात एक शीतयुद्ध चालू होते, आणि त्याचे कारण होते मोबाइल. मुलाने त्यावर मित्रांबरोबर विनोदी चित्रफिती काढण्याचा सपाटा लावला होता. त्यात काही नवल नव्हते. सारा खानदेश आणि बागलाण आज याच नादात आहे. मालेगावच्या छोटूदादाच्या फिती लक्षावधी लोक पाहतात; अहिराणीतले ‘झुमकावाली पोर’ हे गाणे तर पुण्याच्या लग्नांतही वाजले. ज्या अहिराणीला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून छडी मिळाली, तिला कारकून, संपादक, प्राध्यापक यांपैकी कुणालाही न विचारता लाखो श्रोते मिळाले, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकाने विसरू नये.

दाजींचे म्हणणे वेगळे. ते म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा. बारावीचा अभ्यास करायचा सोडून हा पोरगा खळ्यावर उड्या मारतो आणि दुसरा त्याची फिल्लम काढतो. याच्यानं पोट भरतं का?”

आता दाजींच्या प्रश्नाचे उत्तर ‘भरते’ असे देता येत नाही आणि ‘नाही’ असेही देता येत नाही. देवळ्यातच लग्नाचे व्हिडिओ काढणारी दुकाने आहेत. हळदीपासून वाटलावणीपर्यंत सारे टिपावयाचे, वर आकाशातून ड्रोन फिरवावयाचा आणि नवरा-नवरीला द्राक्षाच्या मळ्यात हातात हात घालून चालावयास लावावयाचे, हा धंदा आता गावोगाव आहे. अशा एका दुकानात मी भाच्याबरोबर गेलो. तिथे तीन-चार पोरे संगणकापुढे बसून लग्ने कापीत होती. कुणी शिकविले म्हणून विचारले तर दुकानदाराकडे बोट दाखविले; दुकानदाराने आणखी कुणाकडे. तंत्रशाळा नाही, पाठ्यपुस्तक नाही, प्रमाणपत्र नाही. जुन्या काळी सुताराच्या हाताखाली पोर राही, तशी ही विद्या चालली आहे. पण तिच्यात एक उणीव मला दिसली. ही पोरे दुसऱ्याचा आनंद टिपावयास शिकतात. स्वतःचे म्हणणे मांडावयास त्यांना कुणी शिकवीत नाही.

आणि हे घडावे ते नाशिक जिल्ह्यात! हिंदी चित्रसृष्टीचे मूळ शोधीत गेले तर माणूस त्र्यंबकेश्वरला येऊन पोहोचतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म तिथला, 1870 चा. 1912 साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा घरच्यांचा आणि सावकारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी प्रथम काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे रोज थोडीथोडी घेत राहिले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात जमिनीतून वर आलेले पाहून लोक थक्क झाले. फाळक्यांच्या कॅमेऱ्याचा हा जवळजवळ पहिलाच विषय म्हणजे एक रोप! नंतर 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याची फिल्म धुण्याची आणि तिला भोके पाडण्याची कामे पत्नी सरस्वतीबाई घरात करीत. मुलगा रोहिदास झाला. तारामतीचे काम करावयास एकही बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाचा उपाहारगृहातला आचारी साडी नेसून उभा राहिला. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. कमलाबाईंचे वय तेव्हा तेरा-चौदाच्या आसपास. पुढे फाळक्यांची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. म्हणजे आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच घरच्या माणसांनी आणि पोरासोरांनी केली. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे येतात, मुले खाऊ खातात आणि परत जातात.

मी भाच्याला आणि भाचीला म्हटले, चला, मालेगावला जाऊन येऊ. देवळ्याहून मेशी, सौंदाणे करीत गेले की चाळीसेक किलोमीटर. मालेगाव म्हणजे मोसम नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले यंत्रमागांचे शहर. गल्लीत शिरावे तो दोन्ही बाजूंनी खटाखट-खटाखट असा आवाज अंगावर येतो. बोलणाऱ्याला आपला आवाज आपोआप चढवावा लागतो. शुक्रवारी हे माग थांबतात आणि शहर एकदम ओळखू येईनासे होते. त्या शुक्रवारच्या सुटीने मालेगावात सिनेमाचे वेड पोसले.

1990 च्या सुमाराला नासिर शेख नावाच्या तरुणाने इथे व्हिडिओगृह चालविले. लोक विलायती चित्र पाहावयास येत. पाहतापाहता त्याच्या मनात आले की आपणच का काढू नये? आणि 2000 साली ‘मालेगाव के शोले’ निघाला. खर्च काही हजारांच्या घरातला. कॅमेरा हलता ठेवण्यासाठी सायकल वापरली, उंचावर न्यावयाला बैलगाडीचे धूड उभे केले. नट कोण? मागावरचे कामगार, हॉटेलातली पोरे, छोटे दुकानदार. चित्र मालेगावात असे चालले की मुंबईच्या मोठ्या चित्रांनी तोंडात बोट घालावे. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढतांना फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्या साऱ्या खटाटोपाचाच माहितीपट केला. 2008 चा तो ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ जगभर दाखविला गेला. त्यात सुपरमॅन झालेला शफीक शेख हा मागावर काम करणारा काटकुळा तरुण. तोंडाच्या कर्करोगाने तो अकाली गेला. आता रीमा कागतींनी त्या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठ्या पडद्याचा चित्रपट केला आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो चित्रगृहांत आला.

आम्ही तिघे त्या गल्ल्यांतून हिंडलो. भाचा हरखून गेला होता. प्रत्येक वळणावर त्याला ‘लोकेशन’ दिसत होते. भाची गप्प होती. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “मामा, त्या पिक्चरांत मालेगावच्या बायका होत्या का?”

प्रश्न बरोबर वर्मावर होता. नासिर शेख यांच्या चित्रांत नायिका बाहेरगावाहून आणावी लागे; मालेगावची कुणी मुलगी उभी राहत नसे. फाळक्यांच्या आचाऱ्यापासून इथपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे गेली होती आणि अडचण तीच होती. मी तिला ते सांगितले. ती पुढे काही बोलली नाही. सौंदाण्याला चहा घेतला तेव्हा तिने तिच्या भावाकडून मोबाइल मागून घेतला आणि उद्या दिवसभर आपल्याकडे ठेवीन असे सांगितले.

इथे मला थोडे विषयांतर केले पाहिजे. कारण मालेगावचा प्रवाह एक आणि त्याला समांतर वाहणारा दुसराही एक आहे. त्याचा उगम दूर कॅनडात. 1967 साली फोगो नावाच्या बेटावरची कोळ्यांची वस्ती उठवून मुख्य भूमीवर न्यावी असा सरकारी बेत चालला होता. कॉलिन लो हा दिग्दर्शक तिथे गेला. त्याने बेटावरच्या लोकांची त्यांच्याच शब्दांत छोटी छोटी चित्रे घेतली. पण ती शहरात नेऊन दाखविण्याआधी बेटावरच्याच दुसऱ्या गावांना दाखविली. दहा गावे, एकमेकांशी फारसा बोलाचाल नसलेली. पडद्यावर त्यांनी एकमेकांची दुःखे पाहिली आणि ती आपलीच आहेत हे ओळखले. मग तीच चित्रे मंत्र्यांपुढे गेली. कोळ्यांनी सहकारी संस्था उभारली आणि बेट उठले नाही. चित्र काढणाऱ्याने ज्याचे चित्र काढले त्याला ते आधी दाखवावे, आणि त्याने नको म्हटले ते गाळावे, हा दंडक तिथून रूढ झाला.

आपल्याकडे 1984 साली अहमदाबादेत इला भट्टांच्या ‘सेवा’ संस्थेने भाजीवाल्या आणि मजुरी करणाऱ्या बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी त्यांना शिकविले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बटणे त्यांनी खुणांनी लक्षात ठेवली. माणेकचौकात बसणाऱ्या लीलाबेन पुढे स्वतः चित्रफिती करू लागल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह गुडमन यांनी शाळकरी मुलांसाठी व्हिडिओचे केंद्र काढले; शहराच्या गरीब वस्त्यांतली पोरे आपल्या गल्लीतल्या प्रश्नांवर माहितीपट करू लागली. 2003 मध्ये जेसिका मेबेरी आणि स्टॅलिन के. यांनी ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ सुरू केली. तिचे ठाणे गोव्यात. गावोगावचे वार्ताहर तयार करावयाचे, त्यांनी आपल्या वस्तीची अडचण टिपावयाची, ती वस्तीला दाखवावयाची, मग अधिकाऱ्याला दाखवावयाची, आणि काम झाले की झालेल्या कामाचीही फीत काढावयाची, अशी त्यांची रीत. मुंबईत ‘पुकार’ ही संस्था 2005 पासून वस्त्यांतल्या तरुणांचे गट करून त्यांना स्वतःच्या जगण्यावर संशोधन करावयास लावीत आली. त्यांतून चित्रफिती निघाल्या, नाटुकली निघाली. आणि नाशकात ‘अभिव्यक्ती’ ही माध्यमांचे काम करणारी संस्था 1987 पासूनची.

या साऱ्या उद्योगांत शिकविण्याची रीत मोठी साधी असते. प्रथम कॅमेरा हातात देतच नाहीत. मुलांना वर्तुळात बसवितात आणि प्रत्येकाने आपल्या वस्तीतली एक गोष्ट सांगावयाची. मग ती गोष्ट कागदावर चौकटी आखून काढावयाची. मग लांबचे दृश्य, मधले दृश्य आणि जवळचे दृश्य. मी मराठीचा माणूस. मला हे ऐकतांना व्याकरण आठवले. लांबचे दृश्य म्हणजे स्थळकाळ सांगणारे क्रियाविशेषण, मधले दृश्य म्हणजे क्रियापद आणि जवळचे दृश्य म्हणजे नाम. तीनही जागच्या जागी पडली तर वाक्य होते. नाही तर नुसती बडबड. ‘मी पाहिलेला सूर्योदय’ या निबंधात ज्या विद्यार्थ्याला चार ओळींपुढे सुचत नाही, जो मार्गदर्शिकेतून ‘तांबूस गुलाबी छटा’ उतरवून आणतो, त्याच मुलाला आपल्या गल्लीतल्या नळाची गोष्ट वीस दृश्यांत मांडावयास सांगितली तर तो एकविसावे दृश्य का हवे यावर भांडतो. कारण त्याने ती पाहिलेली असते. आणि कापतांना त्याला कळते की जे आवडते ते सारेच ठेवता येत नाही. हे शिक्षण आम्हां प्राध्यापकांपैकीही पुष्कळांना मिळालेले नाही.

आता भाचीकडे वळतो. तिने दुसऱ्या दिवसापासून काय टिपले? आधी आजीला. आजी कांद्याच्या डोंगळ्यातले बी झाडीत होती. ती ओरडली, “मना फोटू नको काढू व माय, मी काय नवरी शे का?” पण बी झाडणे थांबविले नाही. नंतर भाची शेतात गेली. सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी कांदे खांडीत होती. दरसाल ही माणसे लेकराबाळांसह येतात, मळ्यात पाल ठोकून राहतात आणि काम संपले की डोंगरापलीकडे जातात. त्यांच्या टोळीत दहा-बारा बायका. विळ्याने पात कापावयाची, कांदा टोपलीत टाकावयाचा. विळा आणि कांदा यांच्या मध्ये फक्त बोट. चार दिवस ती रोज सकाळी त्यांच्यात जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिने मोबाइल बाहेर काढलाच नाही, नुसते कांदे खांडले. हे तिला कुणी शिकविले नव्हते.

पाचव्या दिवशी रात्री चाळीच्या भिंतीला पांढरी चादर बांधली. लग्नवाल्या दुकानातून भाच्याने प्रोजेक्टर उसना आणला होता. टोळीतली सारी माणसे जेवणे उरकून आली, शेजारचेही आले. अंधारात तो पांढरा चौकोन उजळला तेव्हा माझ्या मनात आले, पाच कंदिलांच्या गावात हा सहावा.

चित्र चौदा मिनिटांचे. त्यात गाणे नाही, निवेदन नाही. हात आहेत, विळे आहेत, टोपल्या आहेत. कामाच्या नादात चाललेले बायकांचे बोलणे आहे. एका म्हातारीने मोठ्याने विचारले की हे हात कुणाचे? तिच्या सुनेने सांगितले, तुमचेच. म्हातारी पुढे सरकून चादरीजवळ जाऊन उभी राहिली आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. जन्मभर तिने काम केले होते, पण आपण काम करतांना कसे दिसतो ते पाहावयाची संधी तिला त्या रात्री प्रथम मिळाली. कुणी हसले नाही.

पुढे एक दृश्य आले. एक तरुण बाई बोटाला चिंधी बांधून काम करते आहे. चिंधीवर रक्त आहे. ती कॅमेऱ्याकडे न पाहता सांगते की गेल्या वर्षी मुकादमाने उचल जास्त लावली, त्यामुळे घरी जातांना हाती फार थोडे आले. तेवढे बोलून ती पुन्हा विळा चालविते. साऱ्या चित्रात त्याहून धारदार असे काही नव्हते. आम्ही सारेच गप्प झालो. टोळीचा मुकादम मागच्या बाजूला खाटेवर बसला होता. तो उठून गेला.

चित्र संपल्यावर ती बाई भाचीजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, तेवढं काढून टाका.”

भाचा उसळला. “अगं, तोच तर सगळ्यात भारी शॉट आहे! तो काढला तर उरलं काय? आणि खरं आहे ना ते?”

खरे होते यात संशय नाही. पण पुढच्या वर्षी तिला त्याच मुकादमाच्या मागून यावयाचे होते. चित्र काढणारे आपल्या घरी झोपणार होते. ती पालात झोपणार होती. भाचीने भावाशी वाद घातला नाही. ती बाईजवळ खाली बसली, तिच्यादेखत मोबाइल हातात घेतला आणि तिने दाखविले तिथून तिथपर्यंतचे कापून टाकले. मग मूळचेही पुसले. बाईने ते पाहिले, पुन्हा एकदा पाहिले आणि मान हलविली. फोगोचा दंडक मी तिला सांगितलेला नव्हता.

त्या रात्री दाजी उशिरापर्यंत अंगणात बसून होते. त्यांच्याच शेतातली ती टोळी. ते मला म्हणाले, “सर, उचलीचा हिशेब मुकादम करतो. आपण पैसे त्याच्या हातात देतो, पुढं बघत नाही.” आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “औंदा टोळीसमोरच हिशेब वाचायला सांगतो. पट्टी प्रत्येकीच्या हातात द्यायची.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तसे केलेही. जे दृश्य पुसले गेले, त्याने हे काम केले. ते जगभर दाखविले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. एका बाईचे काम गेले असते एवढे मात्र सांगता येते.

म्हणून मला वाटते, पोरांच्या हाती कॅमेरा देणाऱ्यांनी ‘आवाज मिळवून दिला’ अशी शेखी फार मिरवू नये. आवाज त्या माणसांना होताच. कुणापुढे बोलावे आणि कुणापुढे गप्प राहावे, याचा हिशेबही त्यांना आपल्यापेक्षा चांगला असतो. शिकवावयाचे ते इतकेच की ऐकावे कसे. 2016 नंतर मोबाइलचे इंटरनेट पाण्याहून स्वस्त झाले, खेड्यापाड्यांतली पोरे टिकटॉकवर नाचू लागली. 2020 च्या जूनमध्ये ते बंद झाले आणि ती दुसरीकडे नाचू लागली. हाती यंत्र आहे, अंगी हुन्नर आहे, भाषा तोंडात आहे. नाही तो फक्त बाजूला बसून ‘हे कुणासाठी?’ असे विचारणारा कुणी वडीलधारा. तालुक्याच्या ग्रामीण वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ, एक चादर आणि एक उसना प्रोजेक्टर एवढ्यावर हे होण्यासारखे आहे. पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक खण त्या फितींसाठीही ठेवावा. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी आज फार थोडा भाग उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघाले तोवर पुष्कळसे जळून, विरून गेले होते. त्या वाटाण्याच्या रोपाचाही पत्ता नाही. मोबाइलमधली फीत तर त्याहून अल्पायुषी. जागा भरली की घरातली कुणीतरी व्यक्ती लग्नाच्या फोटोंसाठी ती पुसून मोकळी होते.

नाशकात सुटीत मुलांसाठी व्हिडिओचे एक शिबिर भरते, दहा दिवसांचे. भाचीला जावयाचे होते. दाजींनी आधी नाही म्हटले. मुलीची जात, परका गाव, इंटरनेटवर कुणी काय करील याचा नेम नाही, ही सारी कारणे त्यांनी सांगितली; त्यांतले एकही कारण पोकळ नव्हते, म्हणून मी ती खोडून काढण्याच्या भरीस पडलो नाही. “माझ्या घरी राहील,” एवढेच म्हटले. बहीण म्हणाली, “दादा, तिचा दहावीचा अभ्यास तू घेशील ना?” मी हो म्हटले. आजीने मात्र सरळ निकाल दिला की पोरीने बी झाडण्याचे जे चित्र काढले ते चांगले आहे, तेव्हा तिला जाऊ द्यावे. दाजींनी होकार दिला नाही; पण पुढच्या आठवड्यात एस.टी.चे तिकीट त्यांनीच काढून आणले.

टोळी जाण्याच्या दिवशी भाचीने त्या चौदा मिनिटांतली उरलेली तेरा मिनिटे एका पेनड्राइव्हवर उतरविली आणि ती म्हाताऱ्या बाईच्या हाती दिली. त्यांच्या पाड्यावर एकाच्या घरी टीव्ही आहे, त्याला हे लागते, असे तिच्या सुनेने सांगितले. म्हातारीने तो चिमुकला तुकडा लुगड्याच्या ओच्यात गाठ मारून बांधला, वर एकदा चाचपून पाहिला आणि ट्रकमध्ये चढली. कळवणच्या रस्त्याने ट्रक निघाला.

भाची खळ्यावर परत आली, चादर सोडली, घडी घातली आणि आजीला म्हणाली, “आता तुझं बाकीचं बी कधी झाडायचं ते सांग. मागच्या वेळी उजेड कमी होता.”